वणव्याचा ठराव सप्टेंबरात मांडा

फेब्रुवारी-मार्च आला की आपल्यापैकी बरेच शिक्षक मुलांना वणव्यावर निबंध लिहायला सांगतात. मुलंही लिहितात. सैरावैरा धावणारी हरणं, घरट्यातली पिल्लं, झाडाचं मनोगत, आणि शेवटी 'म्हणून वणवे लावू नयेत'. मार्कही बरे पडतात. पण त्या निबंधातलं जंगल कायम कुठंतरी लांब असतं. लिहिणारी मुलं मात्र राहतात पुण्यात कोथरूड, बावधन, कात्रजच्या टेकड्यांना लागून, ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी, खारघरच्या डोंगराखाली. गॅलरीत उभं राहिलं की समोर कमरेएवढं वाळलेलं गवत. ३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी गोरेगावला आरेच्या बाजूचा डोंगर पेटला होता. ज्या वस्त्यांतून आणि इमारतींतून ती आग दिसत होती, त्यांच्यासाठी वणवा हा 'पर्यावरण' या धड्यातला विषय राहिलेला नव्हता.

माझं म्हणणं असं आहे, की टेकडीलगतच्या सोसायटीचा वणव्यापासून बचाव हे निम्मं विज्ञानाचं आणि निम्मं नागरिकशास्त्राचं काम आहे, आणि आपण दोन्ही विषय शिकवत असूनही ते शिकवत नाही.

आधी विज्ञान. आपल्या डोळ्यांसमोर येणारं चित्र म्हणजे ज्वाळांची भिंत पुढं सरकत येते आणि इमारत गिळते. अमेरिकेच्या वनसेवेत काम केलेले संशोधक जॅक कोहेन यांनी घरं नेमकी कशानं पेटतात याचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा, की घर जळेल की वाचेल हे बहुतेक वेळा घर आणि त्याच्या अगदी लगतचा परिसर यावरच ठरतं. लांबच्या ज्वाळांपेक्षा वाऱ्यावर उडत आलेले निखारे जास्त घात करतात. पन्हाळीतला पाचोळा, दारातलं पायपुसणं, भिंतीला टेकवलेली लाकडं असं काहीतरी त्यांना सापडतं आणि तिथून घर धरतं. म्हणूनच तिकडं घराभोवतीचे पहिले पाच फूट सगळ्यात महत्त्वाचे मानतात. त्या पट्ट्यात जळण्यासारखं काही ठेवायचं नाही.

याचं उदाहरण शोधायला दाट अरण्यात जायची गरज नाही. ३० डिसेंबर २०२१ ला अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात लुइव्हिल आणि सुपीरियर या दोन गावांवर जी आग आली, ती मुख्यतः वाळक्या गवताची होती. ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढचा वारा, पावसाविना गेलेला हिवाळ्याचा तोंडवळा, आणि काही तासांत हजाराहून जास्त घरं गेली. गवताची आग लाकडी कुंपणं धरून घरांपर्यंत पोचली आणि मग एका घरावरून दुसऱ्या घरावर. दुसऱ्या दिवशी तिथं बर्फ पडला! तपासात आग दोन ठिकाणी सुरू झाल्याचं पुढं आलं. एका ठिकाणी विजेची सुटलेली तार हे कारण असण्याची शक्यता सांगितली गेली. दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ आठवडाभर आधी कचरा जाळून वर माती लोटलेली होती. तिच्या आतली धग वाऱ्यानं पुन्हा उठली. सोसायटीच्या कोपऱ्यात पाचोळा पेटवून वर बादलीभर पाणी ओतणाऱ्या प्रत्येकाला हे वाचून दाखवायला हवं. (उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार, आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड असा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१६ चा आदेश आहे. आपल्याकडं तो किती जणांनी भरला असेल, हा वेगळा निबंध होईल.)

आता कुणी म्हणेल, त्यांची घरं लाकडाची, आपली आरसीसीची. बरोबर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या याद्या जशाच्या तशा उचलून आणण्यात अर्थ नाही. आपला सांगाडा पेटत नाही. पण सांगाड्याला आपण जे जे लटकवतो ते पेटतं. यंदा सातवीच्या मुलांना मी निबंधाऐवजी वेगळं काम दिलं होतं: आपापल्या इमारतीभोवती मोठ्या माणसाबरोबर एक फेरी मारा आणि भिंतीपासून दोन ढांगांत जळण्यासारखं काय काय दिसतं ते लिहून आणा. आलेल्या याद्या वाचण्यासारख्या होत्या. पार्किंगवरची हिरवी शेडनेट, मागच्या गॅलरीत रचलेले पुठ्ठ्याचे खोके, जुनी गादी, जनरेटरच्या खोलीमागं साठलेला पाचोळा, मीटरच्या खोलीत ठेवलेले मांडवाचे पडदे, वर्षानुवर्षं उभी असलेली एक बेवारस स्कूटर. एका मुलीनं खाली टीप लिहिली होती: "बाई, आमची गॅलरी स्वच्छ आहे, पण वरच्या काकांच्या गॅलरीत सगळं आहे. आग लागली तर खाली आमच्याकडंच पडणार ना?"

सोसायटी आणि बंगला यांतला फरक या मुलीला नेमका कळला होता. बंगलेवाला स्वतःचं अंगण झाडून निवांत होऊ शकतो. सोसायटीत माझी सुरक्षितता वरच्या काकांच्या हातात असते आणि काकांची माझ्या. भिंतीलगतचे ते पाच फूट कुणा एकाच्या मालकीचे नसतात, म्हणून ते कुणीच साफ करत नाही. इथं नागरिकशास्त्र सुरू होतं.

आपल्याकडं सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा साधारणपणे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सप्टेंबरात टेकडी कशी असते? हिरवीगार. गॅलरीतून फोटो काढून नातेवाइकांना पाठवावी अशी. त्या सभेत लिफ्ट, पाण्याचे टँकर, सीसीटीव्ही, पार्किंगची भांडणं यांवर तीन तास जातात. वणवा कुणाच्या डोक्यातही नसतो. मग नोव्हेंबर-डिसेंबरात गवत वाळतं, फेब्रुवारीत त्याचं सरपण झालेलं असतं, मार्चमध्ये एका रात्री टेकडी पेटते आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ सुरू होतात. तेव्हा कमिटी म्हणते, यासाठी बजेटमध्ये तरतूद नाही. आणि खरंच नसते! जुलै आणि जानेवारीत अग्निशमन यंत्रणेचा 'फॉर्म बी' भरून कमिटी समाधान मानते. पण त्यात पंप, हायड्रंट, अलार्म वगैरे आतली यंत्रणा तपासलेली असते. कुंपणाला टेकलेलं गवत त्या कागदात कुठंच नसतं.

म्हणून ठराव सप्टेंबरात हवा. पावसाळा संपल्यावर कुंपणाच्या आतल्या बाजूचं गवत कापायचं, कापलेलं उचलून न्यायचं आणि हे काम मेअखेरपर्यंत दर महिन्याला करायचं, एवढ्याला मंजुरी. गच्चीतल्या पन्हाळी पावसाआधी साफ करतोच, तशाच जानेवारीतही करायच्या. टँकरच्या दिवसांत आग विझवण्यासाठी राखलेल्या टाकीतलं पाणी वापरायला काढायचं नाही. मागचं फाटक उघडतं का आणि त्याच्यासमोर गाड्या लावल्यात का, ते पाहायचं. खर्च म्हणाल तर एका सीसीटीव्हीच्या दुरुस्तीच्या आसपास, असा माझा अंदाज. भांडण मात्र जास्त होईल, कारण गॅलरीतले खोके हा आपल्याकडं मूलभूत हक्क आहे.

चढावर असलेल्या सोसायट्यांनी जास्त जागं राहावं. आग उताराकडं हळू आणि चढाकडं वेगानं जाते, कारण वर जाणारी गरम हवा पुढचं गवत आधीच तापवून ठेवते. चढ १० अंशांनी वाढला की वेग ढोबळमानानं दुप्पट होतो असं धरतात. कलती धरलेली काडीपेटीची काडी मुलांना दाखवली तर दोन मिनिटांत पटतं. हा प्रयोग अर्थातच शिक्षकानं, पाण्याचं भांडं शेजारी ठेवून करायचा.

एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. वणव्याची भीती घातली की लगेच सूचना येते, "टेकडीच साफ करून टाका, म्हणजे कटकट मिटली." कुसळी गवताचा माळ म्हणजे पडीक जागा नव्हे. त्यात टिटवी, चंडोल यांसारखे पक्षी जमिनीवर अंडी घालतात आणि पावसाचं पाणी त्याच मुळांनी धरलेलं असतं. टेकडी बोडकी केली तर जूनमध्ये तिची माती आपल्याच पार्किंगमध्ये येईल. शिवाय कुंपणापलीकडची जमीन बहुधा वनखात्याची, पालिकेची किंवा खासगी असते. तिथं आपला कोयता चालत नाही आणि काडी तर मुळीच नाही. वनखातं जाळरेषा काढतं ते माणसं आणि साधनं हाताशी ठेवून. वॉचमनला शंभर रुपये देऊन पट्टा जाळून घेणं म्हणजे वणवा घरपोच मागवणं.

वॉचमनचा विषय निघालाच आहे, तर बोलू. टेकडीकडच्या भिंतीला टेकून पत्र्याची खोली कुणाची असते? बांधकामावरच्या मजुरांच्या ताडपत्रीच्या झोपड्या कुठं असतात? निखारा आधी तिथं पडतो. सातव्या मजल्यावर आपण खिडक्या लावून घेतो, वाळत घातलेले कपडे आत घेतो, दम्याच्या आजोबांना दुसऱ्या बाजूच्या खोलीत नेतो. हे सगळं करावंच. पण खालच्या खोलीतल्या बाईनं दोन पोरांना घेऊन रात्री कुठं जायचं, हे सोसायटीनं आधी ठरवलेलं असायला हवं. क्लबहाऊसची किल्ली कुणाकडं असते, इतका साधा तो प्रश्न आहे.

शाळेत याचं काय करता येईल, तर अभ्यासक्रमात औपचारिक पत्रलेखन आहेच. 'मैदान दुरुस्तीसाठी मुख्याध्यापकांना पत्र' दरवर्षी लिहून घेतो, त्याऐवजी एकदा सोसायटीच्या सचिवांना ठरावासाठी पत्र लिहू द्या, आणि दुसरं वनक्षेत्रपालांना, कुंपणापलीकडं जाळरेषा काढण्याची विनंती करणारं. पत्रात भिंतीची लांबी मीटरमध्ये यावी आणि ती मुलांनीच टेप धरून मोजलेली असावी. गणिताच्या सरांना मी ते आधीच सांगून ठेवलंय. वहीच्या मागच्या पानावर १०१ आणि वनखात्याचा १९२६ हे क्रमांक लिहून घ्या. आणि पत्रं तपासून झाल्यावर कपाटात ठेवू नका. सभेच्या नोटिशीत विषय यायचा तर पत्र ऑगस्टमध्ये सचिवांच्या हातात पडायला हवं.