यंत्राचे दुखणे : स्लोला ट्रॅक्टर लंगडतो तेव्हा



गव्हाला पाणी चालू असते, कापसाची शेवटची वेचणी बाकी असते, रावेर-यावलकडे केळीची वाहतूक थांबलेली नसते, आणि नेमक्या त्याच घाईत ट्रॅक्टर कुरकुर करू लागतो. बंद पडत नाही. सुरू होतो, रेस दिली की सरळ चालतो, नांगरही ओढतो. पण स्लोला सोडला की अंग झाडतो, बॉनेट थडथडते, मध्येच हुंदका देऊन गप्प होतो. मग पारावर निदान ठरते, 'इंजिन गेले, हेड उतरवा.' हेड उतरवायचे म्हणजे पैसा तर जातोच, वर हंगामातले चार दिवस जातात. म्हणून हेडच्या बोल्टाला पाना लावू देण्याआधी अर्धा तास तुम्ही स्वतः द्या. पुष्कळदा खोट इंजिनात नसते, डिझेलच्या वाटेत असते.

हा दोष स्लोलाच का दिसतो? आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना तीन सिलिंडर असतात. स्लोला इंजिन मिनिटाला साधारण 700 ते 800 फेरे घेते, म्हणजे एकेक सिलिंडर सेकंदाला सहा-सात वेळा पेटतो. प्रत्येक पेटीला नोझल जे डिझेल सोडते, ते ज्वारीच्या दाण्याहून कमी भरेल. एवढ्याशा थेंबात हवेचा एक बुडबुडा शिरला तरी हिशेब चुकतो. डिझेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. पंपाचा सगळा जोर बुडबुडा दाबण्यात जातो आणि नोझल उघडतच नाही. जास्त रेसला फ्लायव्हीलचा जोर ही चूक झाकून नेतो. बैल चालताना लंगडतो आणि पळताना लंगड कळत नाही, तसेच.

पहिली तपासणी फुकटची आहे. टाकीचे झाकण सैल करा. लगेच नाही, दोन-चार मिनिटांनी इंजिन सुधारले, तर झाकणातले हवेचे बारीक भोक धुळीने बुजले आहे. सुईने मोकळे करा. झाकण हरवले म्हणून टाकीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी रबराने आवळलेले ट्रॅक्टर कितीतरी दिसतात. आत हवा जायला जागा नाही, मग डिझेल खाली येणार कसे? झाकणाचे पैसे वाचवून आपण फिटरचे बिल ओढवून घेतो.

दुसरे पाणी. खानदेशात थंडीच्या दिवसांत दुपार तापते आणि पहाटे धुळ्याकडे पारा पार खाली येतो. अर्ध्या रिकाम्या टाकीत किंवा पिंपात रात्री आतून दव धरते आणि ते पाणी तळाला बसते. फिल्टरखालचा बोल्ट सैल करून वाटीभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि थोडा वेळ ठेवा. पाणी खाली वेगळे दिसेल. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. पुढे टाकी सकाळी भरण्याऐवजी संध्याकाळी काम संपल्यावर भरत जा, म्हणजे दव धरायला मोकळी जागा राहत नाही. फिल्टर काळाकुट्ट झाला असेल तर बदला. डिझेलमध्ये धुऊन तोच परत बसवणे ही काटकसर नव्हे, कारण सुटलेला कचरा थेट पंपात जातो.

तिसरी हवा, म्हणजे एअर. टाकीपासून फीड पंपापर्यंतचे पाइप आणि जोड बोटाने चाचपा. चिरलेला रबरी पाइप, सैल क्लिप, चेपलेला वॉशर, यांतून हवा आत ओढली जाते. जोड बाहेरून कोरडा दिसला म्हणून तो चांगला, असे समजू नका. दुरुस्त झाल्यावर फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातदांडा मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की दांडा मारता मारताच स्क्रू आवळा.

एवढे करूनही लंगड राहिली तर कान लावा. आवाज लाटेसारखा वर-खाली होत असेल तर अजून हवा आहे, किंवा पंपाच्या गव्हर्नरचे काम आहे, आणि ते पंपवाल्याकडेच न्यावे. ठरावीक ठोक्याला लंगडत असेल तर एक सिलिंडर काम करत नाही. तो ओळखायची जुनी रीत अशी. इंजिन स्लोला ठेवून नोझलकडचा पाइपाचा नट, वर फडके टाकून, अर्धा आटा सैल करायचा आणि परत आवळायचा. एकेक करत जा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन आणखी ढासळते. ज्याचा नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, तो आजारी.

इथे दोन गोष्टी बजावून सांगतो. नोझलची धार हातावर कधीही घेऊन पाहू नका. तिच्या दाबाने डिझेल कातडीत घुसते. वरून नुसता टिंब दिसतो, दुखतही नाही, पण आत मांस सडू लागते आणि बोट किंवा हात जाऊ शकतो. असे झाले तर हळद लावून घरी बसू नका, त्याच तासाला जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा आणि 'डिझेल आत गेले' असे स्पष्ट सांगा. दुसरे, 2023 पासून मोठ्या ट्रॅक्टरांवर, 50 अश्वशक्तीच्या वर, प्रदूषणाचे कडक नियम आले आणि कॉम्प्युटरवर चालणारी कॉमन रेल इंजिने वाढली. त्यांच्या पाइपात दाब कितीतरी पट जास्त असतो. त्या नटाला हात लावायचा नाही, कंपनीचा माणूस बोलवायचा.

आजारी सिलिंडर सापडला की फिटरला सांगा, त्याचे नोझल शेजारच्यात घाल आणि शेजारचे त्यात. खाली तांब्याचे वॉशर नवे हवे. लंगड नोझलबरोबर दुसरीकडे गेली तर नोझल तपासून घ्या, हेड तसेच राहू द्या. जागची हलली नाही तर टॅपेटचे अंतर मोजायला लावा, मग व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेशन. पहाटेचा पांढरा धूर इंजिन तापल्यावर गेला तर काळजी नाही. पण पांढरा धूर टिकून आहे आणि रेडिएटरचे पाणी रोज कमी होते आहे, किंवा निळा धूर येऊन ऑइल संपते आहे, तर मात्र हेड उतरवण्याला नाही म्हणू नका.