अडाणी बाई की अडाणी अ‍ॅप?

मैत्रिणींनो, 'बायकांना मोबाइल जमत नाही' असं पटकन म्हटलं जातं. पण अ‍ॅप करणारे कधी बायकांना विचारतात का? अंगणवाडीचंच बघा. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारनं 'पोषण ट्रॅकर' आणलं. ते इंग्रजीत, आणि सेविकांना दिलेले फोन कमी मेमरीचे, सारखे अडकणारे. त्याच ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी फोन सरकारला परत केले. पुढे अ‍ॅप मराठीत आलं. मग ते आधीच का नाही?

१ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार घेताना आईचा किंवा पालकाचा चेहरा मोबाइलवर जुळवावा लागतो. बोगस नावं गळावीत, हा हेतू चांगलाच. पण रेंज गेली, चेहरा जुळला नाही, की लेकराचा आहार अडणार आणि बोलणी सेविकेनं खायची! अशा वेळी वहीत सही घेऊन तरी आहार मिळायलाच हवा. अ‍ॅप करणाऱ्यांनी चार दिवस अंगणवाडीत बसावं, सेविकेला विचारावं आणि मगच बटणं ठरवावीत. रोजचं काम शेवटी तिलाच करायचंय ना?