एकसारखी कापडी खोकी

मे महिन्याच्या सुट्टीत मी घर आवरायला काढलं. दोन खोल्यांचं घर, माणसं सहा, आणि मोठ्या मुलीचं दहावीचं वर्ष जूनपासून सुरू होणार. तिला अभ्यासाला एक कोपरा हवा होता. आमच्या घरात कोपरा होता, पण त्यात लाकडी रॅक होता, रॅकवर पिशव्या होत्या आणि पिशव्यांवर गाठोडी. हल्ली दुकानांत चौकोनी कापडी खोकी मिळतात, तुम्ही पाहिली असतील. आत पुठ्ठा, बाहेर कापड, ओढायला एक पट्टा. विजापूर वेशीतून मी अशी नऊ खोकी आणली, सगळी राखाडी रंगाची.

पहिली चूक हिशोबाची, आणि मी शाळेत गणितही शिकवते! रॅकच्या कप्प्याची आतली लांबी ३६ इंच, म्हणून १२ इंचांची तीन खोकी बसतील असं मी धरलं. कापडी खोकं भरलं की त्याला पोट सुटतं, आणि हाताची बोटं घालायलाही जागा लागते. तिसरं खोकं गेलंच नाही. बदलून ११ इंचांची आणली, ती नीट बसली. तेव्हा बहिणींनो, आधी कप्पा मोजा, लांबी, उंची आणि खोली तिन्ही, आणि प्रत्येक खोक्यामागे एक इंच सोडा. खोली मोजायला लोक विसरतात, मग खोकं पुढे नाक काढून बसतं.

११ इंचांच्या खोक्यात साधारण २२ लिटर जागा असते. दुपट्टे, अभ्रे, मुलांच्या टोप्या-मोजे, दस्तरखान, लोकर, खेळणी असं हलकं सामान त्यात छान राहतं. पुस्तकं मात्र ठेवू नका, पट्टा उसवतो. रेशनकार्ड, शाळेचे दाखले अशी कागदपत्रं लोखंडी कपाटातच बरी. औषधंही खोक्यात नकोत, लहान मुलांच्या हाताला ती उंचीवर सहज येतात.

दोन दिवसांत घर ओळखू येईना. मुलीचं टेबल लागलं. शेजारच्या आपा येऊन बघून गेल्या. मी प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी चिकटवली, वर मराठीत आणि खाली उर्दूत. दोन भाषा येतात याचा थोडा तोरा मलाही मिरवायचा होताच.

आठवडाभरात लक्षात आलं की सासूबाई तोच फिका निळा दुपट्टा चार दिवस घेऊन बसल्यात. अम्मी स्वच्छतेच्या बाबतीत फार काटेकोर. "दुसरा का नाही घेतलात?" म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "मिळाला नाही बेटा. तू शाळेच्या कामात होतीस, म्हटलं कशाला हाक मारू." त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. माझ्या दोन भाषांतल्या चिठ्ठ्या त्यांना दिसतच नव्हत्या. पूर्वीच्या पसाऱ्यात त्यांना सगळं ठाऊक होतं, लाल गाठोड्यात दुपट्टे, जरीच्या पिशवीत सुईदोरा. मी त्यांच्यासमोर नऊ सारखी तोंडं उभी केली आणि वर घर आवरलं म्हणून खूश झाले.

मग चिठ्ठ्या राहू दिल्या, पण पट्टे बदलले. दुपट्ट्यांच्या खोक्याला त्यांच्याच जुन्या मखमली कुर्त्याची पट्टी शिवली. चादरी-अभ्र्यांच्या खोक्याला टॉवेलची, मुलांच्या कपड्यांना जीन्सची, दस्तरखानाला गोणपाटाची. बोट लावलं की कळतं. त्यांच्या दोन्ही वस्तू मधल्या कप्प्यात, कमरेच्या उंचीवर आणल्या, म्हणजे वाकणंही नको आणि हात उंचावणंही नको. तीन-चार दिवसांत त्या न विचारता घेऊ लागल्या. धाकट्या मुलालाही हे बरं पडलं, त्याला अजून वाचता येत नाही.

दुकानातली स्वस्त खोकी बहुतेक विणलेल्या कापडाची नसतात. प्लॅस्टिकचे तंतू एकमेकांवर दाबून ते कापड केलेलं असतं, दुकानात मिळणाऱ्या रंगीत पिशव्यांसारखं. त्यावर इस्त्री फिरवली तर ते वितळतं. रोज ऊन लागणाऱ्या खिडकीत ठेवलं तर कालांतराने बोटानेच फाटतं. धुता येत नाही, कारण आत पुठ्ठा. कोरड्या ब्रशने झाडायचं, एवढंच.

म्हणून दहावं खोकं मी घरीच शिवलं, जुन्या सोलापुरी चादरीचं. १२ इंचांचे दहा चौकोन कापले, सव्वा मीटरभर कापड पुरतं. दोन-दोन चौकोन उलट बाजूने जोडून कडेला अर्धा इंच सोडून तीन बाजूंनी टीप मारली आणि सुलटे केले. अशा पाच पिशव्या झाल्या. पाचवी तळाला, चार भिंतींना, आणि कडा हाताने घट्ट शिवल्या. भिंतींच्या पिशव्यांची तोंडं वर येतील असं बघा आणि तिथे टिचबटणं लावा. त्यांत पावणेअकरा इंचांचे पुठ्ठे सरकवायचे. तळाची पिशवी शिवून बंद करायची आणि तिचा पुठ्ठा आतून नुसता ठेवायचा. धुवायच्या वेळी पुठ्ठे काढले की झालं. जुन्या वह्यांचे पुठ्ठे पातळ पडतात, फ्रिज किंवा पंख्याच्या खोक्याचा घ्या.

पावसाळ्यात खोकी जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. कापड आणि पुठ्ठा दोन्ही ओल ओढतात. भिंतीपासून दोन बोटं अंतर पुरे, आणि ऊन पडेल त्या दिवशी रिकामी करून उलटी ठेवा. डांबराच्या गोळ्या टाकत असाल तर कापडात बांधून, आणि लहान मुलं असलेल्या घरात टाकूच नका, ती त्या तोंडात घालतात. मी वाळलेला कडुनिंब घालते.

घरी शिवलेलं खोकं अम्मींनी मागून घेतलं, त्यांच्या पलंगाशेजारी ठेवलंय. त्यात काय आहे मला ठाऊक नाही. परवा माझी महिनाभर हरवलेली कात्री त्यांनी त्यातून काढून दिली. कुठे होती, म्हणून मी विचारलं नाही.