विषय उंबऱ्याच्या आतच असतो

परवा शेजारची मुलगी घाईघाईने आली. ‘‘काकू, सोमवारी कॉलेजात संशोधनाचा आराखडा द्यायचाय. विषय ठरलाय, ‘महिला सक्षमीकरण : एक अभ्यास’. टायपिंगवाल्याकडे तयार फाइल मिळते, फक्त नाव बदलायचं. तेवढं शुद्धलेखन बघता?’’

मी विचारलं, ‘‘अगं, पण कुठल्या महिला? कुठल्या गावच्या? तुला नेमकं काय शोधायचंय?’’ ती गप्पच झाली.

तेवढ्यात तिची आई आली. ती बचत गटाचा हिशेब ठेवते. ऐकून सहज म्हणाली, ‘‘आमच्या गटात कर्ज बायकांच्या नावावर निघतं, हप्तेही त्याच फेडतात. पण तो पैसा कशात घालायचा, हे घरात कोण ठरवतं? ते शोध की!’’

मैत्रिणींनो, संशोधन प्रश्न म्हणतात तो हाच! तोही चहाच्या कपासोबत मिळालेला. इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर चालल्या, तेव्हा एकाच दिंडीतली माणसं जातीनुसार वेगळी जेवतात, हे त्यांच्या नजरेने टिपलं. वाट सगळेच चालत होते. प्रश्न त्यांना पडला.

प्रश्न सापडला की पुढचं सोपं होतं. आमच्या मुलीने त्या रात्री कागदावर मांडलं : गाव एक, गट तीन, बायका तीस. उद्दिष्टं दोनच. आधी या विषयावर कुणी काय लिहिलंय, ते ‘शोधगंगा’वरच्या प्रबंधांत पाहायचं, ते फुकट वाचता येतात. मग मुलाखती. कोणत्या महिन्यात काय करायचं, याचं वेळापत्रक. आईने त्यात एक भर घातली, ‘‘सासू नाहीतर नवरा शेजारी बसला असेल, तर बाई खरं बोलणार नाही. दुपारी जा. आणि कुणाचं नाव छापू नकोस.’’ हे शहाणपण तयार फाइलीत कुठून येणार?

उसन्या मजकुराचा धोकाही आहेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधातला दहा टक्क्यांहून जास्त मजकूर दुसऱ्याचा निघाला तर तो सुधारून द्यावा लागतो. साठ टक्क्यांच्या वर गेला तर नोंदणीच रद्द होते. आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे चार वर्षांच्या पदवीतही संशोधनाची सोय आली आहे. म्हणजे आपल्या गावातल्या कितीतरी मुलींसमोर हा कोरा कागद येणार.

पण खरी अडचण कागदाची नसतेच. ‘‘मुलीच्या जातीने गावोगाव कशाला फिरायचं? दे काहीतरी लिहून,’’ हे वाक्य या मुलीच्या घरातही उमटलं. तेव्हा तिची आई म्हणाली, ‘‘मी जाते तिच्याबरोबर.’’ वाद तिथेच मिटला.

पदवी मुलीच्या नावावर होईल. पण आपण जे वर्षानुवर्षं सोसतो, पाहतो आणि ‘चालायचंच’ म्हणून सोडून देतो, त्याची पहिल्यांदाच नीट नोंद होईल. तेव्हा लेकीने विषय विचारला, तर ‘मला काय कळतंय त्यातलं’ असं म्हणू नका. पदर खोचा आणि तिच्याजवळ बसा. तुम्हाला पुष्कळ कळतं!