वेग की परिणामकारकता? पंचविसाव्या सुपर बोलने दिलेला आणि चुकीचा वाचला गेलेला धडा

१/ २७ जानेवारी १९९१, टँपा, फ्लोरिडा. अमेरिकन फुटबॉलचा पंचविसावा सुपर बोल : न्यू यॉर्क जायंट्स २०, बफेलो बिल्स १९. संथ संघाने वेगवान संघाला नमवले आणि ‘संयमापुढे वेग हरला’ असा या निकालाचा अर्थ लावला गेला. त्या सामन्याचे आकडे मात्र निराळेच काही सांगतात. #थ्रेड

२/ आधी नियम. आक्रमक संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक ‘डाउन’. १० यार्ड साधले की पुन्हा चार. चौथ्या डाउनवर संघ बहुधा लाथेने चेंडू दूर धाडतात, म्हणून आक्रमणाचे भवितव्य सहसा तिसऱ्या डाउनवरच ठरते. दोन डाउनच्या मध्ये खेळाडू एकत्र जमून पुढची चाल ठरवतात, तो ‘हडल’.

३/ हडलच वगळला तर? बचाव करणाऱ्यांना खेळाडू बदलायला किंवा दम खायला उसंत मिळत नाही. १९८८च्या हंगामात सिनसिनाटी बेंगल्सचे प्रशिक्षक सॅम वाइश यांनी हे तंत्र गाजवले. त्याला विरोध करणाऱ्यांत बफेलोचे मार्व्ह लेव्हीही होते. पुढे त्याच लेव्हींनी ते स्वीकारले! क्वार्टरबॅक जिम केली मैदानावरच चाली ठरवू लागला. १९९०च्या हंगामात बिल्सनी लीगमध्ये सर्वाधिक ४२८ गुण केले. सुपर बोलच्या आदल्या आठवड्यात रेडर्सचा ५१-३ असा धुव्वा उडवला.

४/ जायंट्सचे प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांचे धोरण साधे होते : चेंडू जास्तीत जास्त वेळ आपल्याकडे ठेवायचा. बचावाची धुरा बिल बेलिचिक यांच्याकडे होती. त्यांनी पास रोखण्यावर भर दिला आणि धावून मिळणारे यार्ड बिल्सना घेऊ दिले. थर्मन थॉमसने धावून १३५ यार्ड मिळवले, तरीही योजना फळली.

५/ चेंडू जायंट्सकडे ४० मिनिटे ३३ सेकंद होता, बिल्सकडे १९ मिनिटे २७ सेकंद. ‘संयमाचा विजय’ हा निष्कर्ष याच आकड्यांवर उभा आहे. पण गुण झाले किंवा आक्रमण फसले, की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातोच. सावकाश खेळणारा संघ प्रतिस्पर्ध्याच्या संधी कमी करतो, तशा स्वतःच्याही. नुसता वेळ काढून कोणालाही गुण मिळत नाहीत.

६/ मग ही ४० मिनिटे आली कोठून? तिसऱ्या डाउनवर जायंट्स १६ पैकी ९ वेळा यशस्वी झाले. बिल्स ८ पैकी केवळ एकदा. चेंडू हाती राहिला, कारण निर्णायक क्षणी चाली फळल्या. चेंडूचा ताबा हे बव्हंशी यशाचे फळ होते. लोकांनी त्यालाच यशाचे मूळ मानले.

७/ उत्तरार्धाच्या आरंभी जायंट्सनी ९ मिनिटे २९ सेकंद चाललेल्या एकाच आक्रमणात ७५ यार्ड कापून टचडाउन केला. त्यात एकदा तिसऱ्या डाउनवर १३ यार्ड हवे होते. मार्क इंग्रॅमने अलीकडेच चेंडू झेलला आणि एकामागून एक बचावपटूंना हुलकावणी देत १४ यार्ड गाठले. तो आधीच पडला असता, तर त्या आक्रमणाची गाथा कोणी गायली असती?

८/ आता दुसरी बाजू. बिल्सनी ५६ चालींत ३७१ यार्ड मिळवले, म्हणजे प्रतिचाल ६.६, जायंट्सनी ७३ चालींत ३८६, म्हणजे ५.३. सरासरीत बिल्स सरस! पण मोठ्या झेपांनी फुगलेली सरासरी तिसऱ्या डाउनवरचे अपयश झाकते. शिवाय झटपट फसलेले आक्रमण आपल्याच दमलेल्या बचावाला लगेच मैदानात उतरवते.

९/ तर मग पार्सेल्स यांचा संथपणा व्यर्थ होता का? मुळीच नाही. संधी जितक्या कमी, तितका दैवाला वाव जास्त. त्या सामन्यात पारडे बिल्सचे जड मानले जात होते आणि दुबळ्या मानल्या गेलेल्या पक्षाने डाव आखूड करणे शहाणपणाचेच. बलवानाने मात्र तो लांबवावा. वेग हा गुणक आहे : तो सामर्थ्य वाढवतो, तसाच दोषही.

१०/ पुढे चिप केली यांनी याचाच प्रत्यय दिला. २०१३मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सला त्यांनी विलक्षण वेग दिला. त्या वर्षी १० विजय मिळाले, २०१४मध्येही १०. पण २०१५मध्ये चाली फसू लागल्या आणि तोच वेग अंगाशी आला. ६ विजय व ९ पराभवांनंतर, हंगाम संपण्याआधीच त्यांना निरोप मिळाला.

११/ आता पुन्हा टँपा. शेवटचे ८ सेकंद, ४७ यार्डांवरून स्कॉट नॉरवूडची किक; चेंडू उजवीकडून बाहेर. तो खांबांमधून गेला असता, तर बिल्स २२-२० असे जिंकले असते. जायंट्सची ४० मिनिटे तीच राहिली असती आणि ‘वेगाचा विजय’ म्हणून त्याच सामन्याचा दाखला दिला गेला असता.

१२/ इतिहास वाचताना हा मोह टाळला पाहिजे. जेत्याची प्रत्येक सवय हे विजयाचे कारण नसते आणि पराभूताची प्रत्येक रीत हा दोष नसतो. त्या रात्री घड्याळाहून तिसरा डाउन अधिक बोलका होता. त्याची नोंद मात्र फार थोड्यांनी घेतली.