कोऱ्या जागेचा कोरेपणा

संगणकावर मजकूर लिहिण्याच्या टेक्स्ट एडिटरमध्ये ओळीअखेरच्या मोकळ्या जागा व ओळ संपल्याच्या खुणा झाकलेल्याच असाव्यात, असे म्हणणारा एक पक्ष आहे. ठिपके व बाण दिसू लागले की पानाचे सौंदर्य बिघडते, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. हा पक्ष आम्हांस सर्वथा अमान्य आहे.

मोकळी जागा म्हणजे काहीच नाही, ही समजूत प्रथम टाकून द्यावयास हवी. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईस काढलेल्या निर्णयसागरासारख्या छापखान्यात दोन शब्दांमधील जागा हा धातूचा तुकडा असे; जुळाऱ्याच्या बोटांस तो लागे. संगणकातही ती एक अक्षरच आहे. तिचा क्रमांक ३२. ओळीचा शेवट युनिक्स १० या क्रमांकाने लिहितो, विंडोज १३ व १० या जोडीने. या भेदामुळे विंडोजचे नोटपॅड २०१८ पर्यंत युनिक्सच्या धाटणीच्या फायलींतील सर्व ओळी सलग जोडून दाखवीत असे.

मराठीवर तर हे संकट दुहेरी आहे. ‘कऱ्हाड’ या नावातील अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो : मुळातच वेगळ्या असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे ८२०५ क्रमांकाचा, शून्य रुंदीचा जोडक देऊन. डोळ्यांस दोन्ही एकच, संगणकास नव्हेत. अक्षरास अक्षर जुळविणाऱ्या शोधात एका रीतीने शोधलेले गाव दुसऱ्या रीतीने लिहिलेले असल्यास सापडत नाही.

आमच्या नगराचे नाव कोणी ‘मीरा-भाईंदर’ लिहितो, कोणी ‘मिरा भाईंदर’. हा भेद दिसतो, म्हणून त्यावर वाद होतो व यादी सुधारता येते. परंतु नावामागे राहिलेली एक मोकळी जागा यादीत एका माणसाची दोन माणसे करू शकते, आणि तपासणारा दहादा वाचूनही यादी निर्दोष समजून सही करितो. हा दोष त्याच्या दृष्टीचा नव्हे, साधनाचा होय.

‘ज्याला हव्या त्याने खुणा उघडाव्यात,’ हा बचावही लंगडा आहे. दोष असल्याचेच ज्यास ठाऊक नाही, तो दिवा मागणार कसा? वाचकापुढे ठेवावयाचे पान खुशाल निर्मळ असो; लिहिणाराच्या पानावर मात्र जे आहे ते दिसलेच पाहिजे. मराठी टंकलेखन शिकविणारांनी पहिल्याच दिवशी या खुणा उघडून द्याव्यात. डोळ्यांआड ठेवलेली चूक सुंदर ठरत नाही. ती केवळ दीर्घायुषी होते.