केस पेपर कुठे आहे?

आधी दोन कबुल्या देते. पहिली, मी कॉन्व्हेंटवाली. दहावीच्या निबंधानंतर मराठीत एवढं मोठं काही पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. दुसरी, हा लेख एका कुत्र्याबद्दल आहे. हसू आलं तर खुशाल पान उलटा. पण मेसमागे चपातीचे तुकडे टाकणाऱ्यांनी तरी जरूर वाचा!

ब्रुनो आमच्या घरी पाच वर्षं होता. बारावीला मी रात्री जागायचे, तेव्हा टेबलाखाली माझ्या पायावर डोकं ठेवून झोपायचा. गेल्या पावसाळ्यात त्याने खाणं सोडलं, अंगात ताप. आई त्याला नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. "हवा बदललीय, होतं असं," म्हणून त्यांनी दोन इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. रक्त काही तपासलं नाही. चौथ्या दिवशी मी हॉस्टेलवरून घरी पोचले, तर त्याच्या पोटावर जांभळे ठिपके आणि नाकातून रक्त...

दुसऱ्या दवाखान्यात धावलो. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आधी काय दिलंय? स्टेरॉइड दिलं होतं का?" आई म्हणाली, "एक पांढरं होतं, एक पिवळं." याच्यापुढे आम्हाला काहीच सांगता येईना. रक्त तपासलं. कुत्र्याच्या प्लेटलेट्स साधारण दोन ते पाच लाख असतात, ब्रुनोच्या वीस हजारसुद्धा नव्हत्या. गोचीडताप! दुसऱ्या रात्री तो गेला. सकाळी लिंबाच्या झाडाखाली पुरला. पोस्टमॉर्टेम करता येतं हे तेव्हा कुणाला सुचलंच नाही.

हा आजार गोचिडीमधून येतो. एर्लिकिया नावाचे जंतू रक्तात शिरतात. लवकर कळलं तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांचा साधारण २८ दिवसांचा कोर्स देतात आणि बरेच कुत्रे त्यातून उठतात. पण सुरुवात साध्या तापासारखीच असते, आणि काचपट्टीवर जंतू दरवेळी दिसतातच असंही नाही. म्हणून पहिल्या दिवशी निदान चुकलं याचा मला राग नाही. आमचंही चुकलं. त्याच्या कानात गोचिडी दिसल्या होत्या, बाबांनी चिमट्याने काढल्या आणि औषध 'पुढच्या महिन्यात' वर ढकललं.

माझा विश्वास उडाला तो नंतर. आठवड्याने मी पहिल्या दवाखान्यात गेले. भांडायला नाही, फक्त विचारायला. "डॉक्टर, तीन दिवस कोणती इंजेक्शनं दिलीत?"

"नेहमीचीच."

"केस पेपर मिळेल का?"

"आम्ही कुत्र्यांचे पेपर ठेवत नाही. एवढं काय मनाला लावून घेतेस? दुसरं पिल्लू आण."

पाच वर्षं आम्ही ज्यांच्यावर डोळे झाकून भरवसा ठेवला, त्यांच्याकडे ब्रुनोबद्दल एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती.

रूममेट म्हणते, बाहेर तीस जणांची लाइन असते, एवढ्याशा फीमध्ये कोण लिहीत बसणार? पण औषधाचं नाव आणि डोस, दोन ओळी तर लागतात! आपल्या लॅबमध्ये चुकीचं रीडिंग जर्नलमध्ये लिहिलेलं असलं तर सर ओरडतात, पण चूक कुठे झाली ते शोधता येतं. रीडिंगच लिहिलं नाही तर प्रॅक्टिकल रिपीट. ब्रुनोच्या बाबतीत रिपीट शक्य नव्हतं. माणूस निदान सांगू तरी शकतो की मला काल काय दिलं. मुक्या जनावराच्या बाजूने फक्त तो कागद बोलतो.

डॉक्टरांची नोंदणी इंडियन व्हेटर्नरी कौन्सिल अ‍ॅक्ट, १९८४ खाली होते आणि राज्याच्या कौन्सिलकडे तक्रार करता येते. मी पत्र लिहायला घेतलंही होतं. पण सोबत जोडणार काय? बाबा म्हणाले, "जाऊ दे बाळा." ते पत्र अजून माझ्या ड्रॉवरमध्ये अर्धंच पडलंय.

म्हणून एक विनंती. प्राणी घरचा असो वा कॅम्पसचा, प्रत्येक इंजेक्शनचं नाव लिहून मागा. गोचिडी आणि ताप एकत्र दिसले तर रक्ततपासणीचं स्वतःहून विचारा. चांगले डॉक्टर रागावत नाहीत. मागच्या महिन्यात मेसमागच्या काळीला आम्ही रेबीजची लस द्यायला नेलं. मी भीत भीत लसीचं नाव आणि बॅच नंबर मागितला. त्या डॉक्टरांनी हसून दोन्ही लिहून दिलं, वर पुढची तारीखही घातली. मला तिथेच रडू आलं.

तो कागद सध्या माझ्या फाइलमध्ये आहे. पण मी दीड वर्षात पास आउट होईन, काळी इथेच राहील. सिक्युरिटी केबिनमध्ये कॅम्पसच्या कुत्र्यांसाठी एक वही ठेवता येईल का? वही मी आणते. वॉर्डन मॅडम, परवानगी द्याल?

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स